मिसळ: साप की शिडी?

पाचवीच्या मुलांनी 'निरोगी दिनचर्या' या विषयावर एक शैक्षणिक खेळ बनवून आणायचा, असा निरोप शाळेच्या ग्रुपवर आला. यातलं 'मुलांनी' म्हणजे कोणी, हे पालकांना सांगावं लागत नाही. तासाभरात कॉलेज रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीटसाठी जी झुंबड उडाली, तिच्यात पाचवीतलं एकही मूल नव्हतं.

सापशिडी करायची ठरली. ह्यांनी लगेच ज्ञान पाजळलं. सापशिडी मूळची आपलीच, तिला मोक्षपट म्हणायचे, आपल्याकडे परंपरेने ती ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, वर मोक्ष. "मोक्षाच्या जागी 'उत्तम आरोग्य' लिहायचं, झालं काम," म्हणून ते मॅच बघायला गेले. शंभर घरं आखायचं तेवढं माझ्याकडे राहिलं.

शिड्या पटापट झाल्या. दोन वेळा दात घासणे, साबणाने वीस सेकंद हात धुणे, वेळेवर झोपणे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ किंवा व्यायाम सांगते. शाळा, क्लास आणि अबॅकस यांच्या फटीतून ही साठ मिनिटं कशी काढायची, ते मात्र आयांवर सोडते. सगळ्यात लांब शिडीला लेकीने 'सावरपाडा एक्सप्रेस' नाव दिलं. याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ मिळवलं होतं, त्यामुळे तिथे कोणी हरकत घेतली नाही.

हरकती सापांपासून सुरू झाल्या. मी चिप्सचा साप काढला, कोल्ड्रिंकचा काढला, मोबाईलचा काढला आणि भोळेपणाने विचारलं, "तेलकट नाश्ता म्हणून मिसळ टाकू का?"

आबांनी पेपर खाली ठेवला. आबा रविवारी गोदापार्कला चालायला जातात आणि येताना मिसळ खाऊन येतात. एकूण हिशेबाला ते व्यायाम म्हणतात.

"मोड आलेली मटकी साप? नाशकात राहून?"

"मटकी नाही आबा, तर्री."

"तर्रीने सर्दी सुटते."

शेवटी तह झाला. मिसळीच्या घरातून मटकीची शिडी वर जाते आणि तर्रीचा साप खाली. कुठे जायचं ते ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. पावावरून अजून बोलणी चालू आहेत.

खरा स्फोट अठ्ठ्याण्णवाव्या घरात झाला. सासूबाईंना सकाळी मिश्रीशिवाय उजाडत नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे लेकीला बाईंनी वर्गात सांगितलेलं. तिने तिथे थेट एकवर उतरणारा साप काढला आणि त्याला चष्मा घालून नाकात चमकी घातली. अहो आईंनी कार्डशीट उजेडात धरून नीट पाहिली. मी श्वास रोखला. "मी एवढी जाड नाहीये," म्हणाल्या आणि देवघरात गेल्या.

रंगकाम चालू असताना लेक म्हणाली, "आई, फासा पडला म्हणून मी दात घासले. यात माझी सवय कुठे आली?" दहा वर्षांच्या मुलीने रात्री अकरा वाजता असं विचारू नये. पण मुद्दा बिनतोड होता. सापशिडीत खेळणाऱ्याला करायला काहीच नसतं, सगळं फाशाच्या हातात. म्हणून आम्ही नियम केला की ज्या घरात सोंगटी येईल, तिथलं काम खरोखर करायचं. 'वेळेवर झोपा' या घराला सूट दिली, कारण ते घर रंगवायला कोणीतरी जागं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली. 'दहा उड्या मारा' या घरात ह्यांचे तीन फेरे झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांनाही एक सोंगटी दिली. हात धुण्याच्या घरात वीस सेकंद मोजण्यावरून आबा आणि लेक यांचं बेसिनपाशी भांडण झालं. आबा फार भरभर मोजतात. आणि 'एक ग्लास पाणी प्या' ही घरं मी हौसेने जागोजागी पेरली होती. अर्ध्या तासात पटापाशी फक्त अहो आई उरल्या. बाकीचे बाथरूमच्या दारात रांगेत उभे होते आणि आतून आबा "आलो, आलो" म्हणत होते.

अहो आई सत्त्याण्णववर होत्या. त्यांना म्हणे तीन पडले. साक्षीदार कोणी नाही. चष्मेवाल्या सापाला वळसा घालून त्या थेट शंभरावर पोचल्या आणि विजयाप्रीत्यर्थ मिश्रीची डबी उघडली.

लेकीने निकालावर वाद घातला नाही. स्केचपेन घेऊन ती खोक्याच्या झाकणावर सूचना लिहायला बसली.

'खेळाडू: २ ते ५. बाथरूम: किमान २.'