शॉर्टफॉर्म वॉर्डात चालतो, पेपरात नाही

माझी एक मैत्रीण नर्सिंग कॉलेजात शिकवते, तिच्याशी गेल्या आठवड्यात फोनवर बराच वेळ बोलणं झालं, विषय त्यांच्या स्टाफरूममधल्या वादाचा. केस स्टडीत इंग्रजी ग्रामर चुकलं तर मार्क कापायचे का? काहींचं म्हणणं, मुली मराठी मीडियममधून आल्यात, हात चांगला आहे, पेशंटशी नीट बोलतात, मग 'ए' आणि 'द' साठी कशाला छळायचं. बाकीचे म्हणतात उद्या यांना बाहेर जायचंय, तिथे कोण समजून घेणार.

मी ब्रिटनमध्ये नर्स आहे, इथे येऊन परत असाइनमेंट लिहिल्यात आणि आता वॉर्डात येणाऱ्या स्टुडंट्सचं लिखाण वाचते. मला दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर वाटतात, कारण दोघंही इंग्रजी किती चांगलं यावरच अडलेत आणि वाचणारा कोण हे कोणी विचारतच नाहीये.

माझ्या इथल्या पहिल्या पेपरात मी सवयीनं लिहिलं होतं, पेशंट केसीओ डीएम, एचटीएन, म्हणजे डायबेटिस आणि हाय बीपी. आपल्याकडे फाइलची पहिली ओळच ती असते, नोन केस ऑफ, कोणाला सांगावं लागत नाही. ट्यूटरनं केसीओभोवती गोल करून बाजूला लिहिलं, हे काय आहे? पुढे एसओएसवर पण तसाच गोल, कारण आपण 'लागलं तर द्या' या अर्थानं एसओएस लिहितो आणि इथे त्याला पीआरएन म्हणतात. तेव्हा मला फार लागलं होतं, इतकी वर्षं ड्युटी केलेल्या बाईला हे काय विचारतात म्हणून. पण नंतर कळलं की वॉर्डात शॉर्टफॉर्म चालतो कारण वाचणारी त्याच बेडजवळ उभी असते, पेशंट तिच्या डोळ्यासमोर असतो, आणि पेपर वाचणारी तिथे नसतेच.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या फाइलमध्ये उजवा डोळा, इमर्जन्सीत ओव्हरडोस. डीओए म्हणजे अॅडमिशनची तारीख आणि आणतानाच मृत, दोन्ही! अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनच्या 'वापरू नका' यादीत तर युनिटसाठी नुसता यू लिहायलाच बंदी आहे, कारण घाईत तो शून्य वाचला जातो आणि १० युनिट इन्सुलिनचे १०० होतात. इथे नर्सेसना रजिस्टर करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या कोडमध्ये पण स्पष्ट आहे की नोंदीत विनाकारण शॉर्टफॉर्म नकोत. पेपर कसा लिहायचा याच्या एपीए या पद्धतीचा नियम तर साधा आहे, पहिल्यांदा पूर्ण शब्द, मग शॉर्टफॉर्म, आणि तीनदा तरी लागणार नसेल तर शॉर्टफॉर्म करूच नका.

आता ग्रामर. सगळ्या चुका सारख्या नसतात हे मला ठामपणे वाटतं. 'द' राहिला तर पेशंटचं काही बिघडत नाही, मराठीत तसं काही नसतंच त्यामुळे आपल्या मुलींचं ते चुकणारच. पण काळ चुकला, औषध दिलं, देतोय की द्यायचंय हे कळेना, तर ती चूक इंग्रजीची नाही, नर्सिंगची आहे. 'ही' आणि 'शी' ची गल्लत पण तशीच, आपण पेशंटला मानानं 'त्यांना ताप आला' म्हणतो, त्यात बाई की पुरुष दिसत नाही, मग इंग्रजीत लिहिताना एकाच परिच्छेदात पेशंट दोनदा बदलतो. हे शिकवायला हवं, नुसतं लाल पेन मारून काही होत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०२१ मध्ये इंग्लंडच्या युनिव्हर्सिट्यांवर देखरेख करणाऱ्या ऑफिस फॉर स्टुडंट्सनं स्पेलिंग-ग्रामर तपासणं सोडून दिलेल्या युनिव्हर्सिट्यांना खडसावलं होतं, म्हणजे वाद इथेही तोच. आणि बाहेरून येणाऱ्या नर्सला ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, ऐकणं, बोलणं यात बी ग्रेड लागतो पण लिखाणात सी प्लस चालतो, थोडी सूट रजिस्टर करणारेच देतात. त्या परीक्षेत करायचं काय, तर तुटक केस नोट्सवरून पूर्ण वाक्यांचं पत्र, जे नवीन माणसाला कळेल.

मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली तेव्हापासून मराठीतून शिकवा हेही ऐकू येतं. शिकवा ना, मला आनंदच आहे, पण मराठी वाक्यात घातला तरी केसीओ केसीओच राहतो.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, पुढच्या बॅचला एकीची केस स्टडी दुसऱ्या वॉर्डात पोस्टिंग असलेल्या मुलीला वाचायला दे, ती जिथे अडेल तिथे पेन्सिलनं खूण करू दे आणि मार्क फक्त तिथलेच काप. ती म्हणाली सर्जिकलच्या मुली मेडिकलचं वाचतील, सोमवारपासूनच करून बघते.