‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटावर जन्मलेला नाही

‘पॉश’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगणारा एक मजकूर गेली अनेक वर्षे सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा : ब्रिटिश अमदानीत पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारे धनिक उतारू येताना डाव्या आणि मायदेशी परतताना उजव्या बाजूची केबिन घेत, कारण त्या बाजूंना ऊन कमी लागे, त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी बाजू) या शब्दांची पी-ओ-एस-एच ही आद्याक्षरे उमटवली जात आणि त्यावरून श्रीमंती थाटाला ‘पॉश’ म्हटले जाऊ लागले. यात मुंबईच्या बोटींचा संबंध येत असल्याने आपल्याकडे ही कथा विशेष आवडीने सांगितली जाते, म्हणूनच ती नीट तपासली पाहिजे.

पहिला प्रश्न तिकिटाचा. पी अँड ओ कंपनीने कित्येक दशके हजारो उतारूंची ने-आण केली, तरी असा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि कंपनीच्या दप्तरातही या प्रथेचा माग लागलेला नाही. शिवाय ही व्युत्पत्ती छापील स्वरूपात दिसू लागते ती १९३५ च्या सुमारास, म्हणजे शब्द चांगला रुळल्यानंतर. ज्या प्रथेतून शब्द निघाला ती प्रथा कोणाही प्रवाशाने त्या काळात नोंदवू नये, हे पटण्यासारखे नाही.

उन्हाचा मुद्दा पूर्णपणे खोटा नाही, हे मान्य केले पाहिजे. तांबड्या समुद्रातून दक्षिणेकडे येताना बोटीची डावी बाजू पूर्वेला असते, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन उजव्या बाजूच्या केबिनींना तापवते. हिवाळ्यात एडनहून मुंबईकडे येतानाही सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडेच राहतो. परंतु मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात आणि त्यांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो; एडन तर मुंबईच्याही दक्षिणेला आहे, म्हणून तेथे हा काळ आणखी लांब असतो. त्या महिन्यांत अरबी समुद्रातले भर दुपारचे ऊन नेमके डाव्या बाजूला येणार. तेव्हा काही उतारूंनी विचारपूर्वक केबिन निवडली असेल, पण त्या निवडीतून शब्द जन्मला असे सिद्ध होत नाही.

आद्याक्षरे जोडून शब्दासारखी उच्चारण्याची पद्धतही इंग्रजीत मुख्यतः विसाव्या शतकात फोफावली. अशा शब्दांचे मूळ बहुधा कागदोपत्री सापडते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याला आपल्याकडे ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’ या शब्दांवरून ‘पॉश कायदा’ म्हणतात. तेथे प्रत्येक अक्षराचा हिशेब देता येतो. बोटीच्या कथेत तो देता येत नाही.

सर्वांत भक्कम आक्षेप जुन्या वापराचा आहे. बॅरेअर आणि लेलँड यांच्या १८९० च्या बोलभाषेच्या कोशात ‘पॉश’ म्हणजे पैसा, विशेषतः अर्धा पेनी, आणि दुसरा अर्थ छानछोकीने राहणारा माणूस, असे दिले आहे. १८९२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या विनोदी कादंबरीत मरे पॉश नावाचा ऐटबाज गृहस्थ भेटतो. पुढे २५ सप्टेंबर १९१८ च्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातील व्यंगचित्रात एक तरुण वैमानिक अधिकारी हा शब्द वापरतो, आईला तो कळत नाही आणि मुलगा त्याच अर्थाचा दुसरा बोलभाषेतला शब्द सांगून तो समजावतो. बोटींवर हा शब्द आधीच्या पिढीपासून रुळलेला असता, तर तो सैन्यातल्या तरुणांची नवी बोली म्हणून विनोदाचा विषय झाला नसता.

याच मजकुराच्या काही प्रतींत शब्दाचे मूळ ‘सफेदपोश’मध्ये (पांढरे कपडे घालणारा) असल्याचे जोडलेले असते. हा फारसी ‘पोश’ मराठीला पलंगपोसातून परिचित आहे. त्याचा अर्थ आच्छादन किंवा पांघरणारा. ध्वनीचे साम्य सोडले, तर इंग्रजी शब्दापर्यंत नेणारा नोंदींचा पूल येथेही नाही.

सर्वांत विचार करण्याजोगा धागा रोमानी, म्हणजे जिप्सी लोकांच्या, भाषेचा आहे. इंग्लंडमधील रोमानी बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्धा पेनी, आणि चोरबोलीतून पुढे पैसा. रोमानी ही भारतीय आर्यकुळातली भाषा असून तिच्यातील हा शब्द संस्कृत ‘पार्श्व’पर्यंत जातो, आपल्या ‘माझ्यापाशी’मधला ‘पाशी’ही त्याच मुळाचा. मात्र पैसा या अर्थापासून श्रीमंती थाटापर्यंतचा टप्पा नोंदींनी अद्याप जोडलेला नाही, आणि म्हणूनच ऑक्सफर्ड कोश आजच्या अर्थाच्या ‘पॉश’चे मूळ अनिश्चित मानतो.