लॅब्राडोर घ्यायचाय? त्याला पोहायला कुठे नेणार ते आधी ठरवा

"मुलं मागे लागलीत, लॅबचं पिल्लू घेतोय, कसं राहील?" असं कुणी विचारलं की मी उलट दोनच प्रश्न विचारते. रोज पहाटे त्याला फिरवायला कोण उठणार? आणि पोहायला कुठे नेणार?

दुसऱ्या प्रश्नाला लोक बुचकळ्यात पडतात. पण लॅब्राडोर हा मुळात पाण्यात काम करणारा कुत्रा. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर राबायचे, बर्फगार समुद्रात उडी मारून दोर आणि निसटलेले मासे ओढून आणायचे. पुढे ब्रिटनमध्ये तो शिकारीत पडलेली बदकं तळ्यातून आणू लागला आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, ही जात मान्य केली. पायाच्या बोटांमधली कातडी, पोहताना सुकाणूचं काम करणारी जाड शेपूट, अंगापर्यंत पाणी पोचू न देणारी दुहेरी लव, हे सगळं त्या कामासाठीचं आहे. असा प्राणी दिवसभर टू बीएचकेत बसून राहिला की सोफा फाडणारच. "खोडकर आहे हो" म्हणून त्याला बाल्कनीत बांधतात तेव्हा माझा जीव तुटतो. तो खोडकर नसतो, रिकामा असतो.

आपल्याकडच्या उन्हात तर पोहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग गार करतो. एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्त्यावर पळवलंत तर पंजे भाजतात, उष्माघातही होतो. शिवाय या जातीत खुब्याच्या सांध्याचं दुखणं बरंच आढळतं. पाण्यात सांध्यांवर भार न येता सगळं अंग दमतं.

मात्र पाणी दिसलं की सोडला, असं करू नका. विहिरीत किंवा सरळ भिंतीच्या शेततळ्यात उतरलेल्या कुत्र्याला बाहेर येता येत नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्या. कोकणात किनाऱ्यावर नेलंत तर गोडं पाणी बरोबर ठेवा, खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब होतात. घरी आल्यावर कान कोरडे करा, लोंबत्या कानांत ओल राहिली की संसर्ग ठरलेला. आणि पावसाळ्यातली डबकी पूर्ण बंद! उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा जिवाणूंचा आजार पसरतो, कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी द्यायची, चुकवायची नाही.

खाण्याबद्दल घरातल्या आजी-आजोबांना प्रेमाने पण ठामपणे सांगा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण दर चार लॅबमागे एकात असा जनुकीय बदल असतो ज्याने भूक आणि वजन दोन्ही वाढतं. म्हणजे तो केविलवाणं बघतोय म्हणून उपाशी आहे असं नाही. पोळीचा तुकडा, बिस्किट, पुन्हा तुकडा, आणि तीस किलोचा कुत्रा बघता बघता चाळिशी गाठतो.

एवढं जमणार नसेल तर लॅब घेऊ नका, मनापासून सांगते. निवाऱ्यात वयाने मोठे, शांत झालेले कितीतरी कुत्रे घराची वाट बघतायत.

आणि पिल्लूच हवं असेल तर त्याच्या आईला प्रत्यक्ष भेटा, आई-बापाच्या खुब्याचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. एक्स-रेचं नाव काढल्यावर ब्रीडर विषय बदलू लागला, तर पिल्लू कितीही गोड असो, तिथून उठा.