हरणाऱ्या मुलांसाठी बनवलेला खेळ

मागच्या महिन्यात अकिहाबारातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून लेकीसाठी वापरलेला गेम बॉय (निन्टेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) आणि त्यात घालायचं कर्बी नावाच्या गोलमटोल पात्राच्या पहिल्या गेमचं कार्ट्रिज आणलं. इथल्या, टोकियोच्या निशिकासाईतल्या मैत्रिणी विचारतायत, घरात फोन आहे, टॅब आहे, मग हे डबडं कशाला? म्हणून सविस्तर लिहितेय.

फोनवर ती जो गेम खेळायची त्यात चार-पाचदा हरलं की जाहिरात बघा, नाहीतर पैसे भरा, नाहीतर अर्धा तास थांबा. सहा वर्षांची पोर रडवेली होऊन फोन माझ्यापुढे धरायची. लहान मुलाच्या हरण्यावर कुणी पैसे कमवावेत, याचा मला मनापासून संताप येतो.

कर्बी जपानमध्ये एप्रिल १९९२ मध्ये आला. हॅल लॅबोरेटरी या गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या मासाहिरो साकुराईला तो सुचला तेव्हा तो स्वतः १९ वर्षांचा होता. ज्याने कधी गेम हातात धरला नाही त्यालाही शेवटपर्यंत जाता यावं, हे त्याने आधी ठरवलं आणि मग खेळ रचला. म्हणून कर्बी तोंडात हवा भरून उडतो, पाहिजे तितका वेळ. खड्डा आला तर वरून जायचं. समोर कुणी आलं तर ओढून घ्यायचं आणि पुढच्यावर थुंकायचं. एका धक्क्याने मरतही नाही, सहा धक्के सोसतो.

आणि तो गोंडस गोळा! खरं पात्र ठरेपर्यंत जागा भरायला म्हणून काढलेला. काम करता करता साकुराईचा त्याच्यावर जीव जडला आणि तोच राहिला. साकुराईच्या मनात तो गुलाबी होता, मारिओचे जनक, निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंना वाटायचं पिवळा. गेम बॉयच्या पडद्याला रंगच नव्हते, त्यामुळे अमेरिकेतल्या खोक्यावर तो चक्क पांढरा छापला गेला.

पाचच टप्पे आहेत. सरावलेला माणूस तासाभरात संपवतो, म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तर संपतो हेच आवडतं. अवघड हवं असणाऱ्यांचीही सोय आहे: संपल्यावर पडद्यावर बटणांची एक युक्ती दिसते, ती वापरली की तोच खेळ चांगलाच घाम काढतो.

सध्या माझी आई साताऱ्याहून आलीय. चार पेन्सिल सेल घालून दिले आणि आजी-नात दिव्याखाली बसल्या, कारण पडद्याला स्वतःचा उजेड नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक झाड सफरचंदं टाकतं, तीच तोंडात ओढून त्याच्यावर मारायची. हे आजीला नातीने शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळणाऱ्या माझ्या आईने ते झाड हरवलं तेव्हा दोघी अशा ओरडल्या की मी स्वयंपाकघरातून धावत आले.

काल शेवटच्या शत्रूपर्यंत, डेडेडे राजापर्यंत पोचल्या. तीनदा हरल्या. आई चष्मा पुसत म्हणाली, "चल गं, परत लाव."