मॅट नीलला ‘बापाच्या टीमचा ड्रायव्हर’ म्हणणाऱ्यांना

ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिपचा, म्हणजे बीटीसीसीचा विषय निघाला आणि त्यात मॅट नीलचं नाव आलं, की एक ठरलेला दावा पुढे येतो. त्याचा मतितार्थ असा: “नील हा बेताचा ड्रायव्हर. बापाची टीम होती म्हणून टिकला. १९९९चा डॉनिंग्टन ट्रॅकवरचा विजय म्हणजे लागलेली लॉटरी. २००५ आणि २००६ची विजेतेपदं मोठ्या कंपन्या निघून गेल्यावर मोकळ्या मैदानात मिळाली, त्यात नियमही त्याच्याच गाडीच्या सोयीचे. आणि २०११चं विजेतेपद तर फॅक्टरीच्या, म्हणजे मोटार कंपनीच्या अधिकृत टीमच्या, गाडीत. तेव्हा खासगी ड्रायव्हर म्हणून त्याचं कौतुक पुरे झालं.”

हे इतक्या वेळा वाचलंय की आता सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. यातल्या दोन मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, ते मी मान्य करणार आहे. बाकीचे मुद्दे त्या त्या वर्षी ग्रिडवर, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगांत, कोण होतं हे न बघताच केलेले आहेत.

सुरुवात बापापासून करू, कारण सगळ्यात जास्त उगाळला जातो तो हाच मुद्दा.

स्टीव्ह नील हे स्वतः १९६०च्या दशकात मिनी गाडी घेऊन ब्रिटिश सलून कार, म्हणजे घरगुती मोटारींच्या, शर्यतींत उतरणारे ड्रायव्हर. पुढे त्यांनी रिमस्टॉक ही अलॉय व्हील बनवणारी कंपनी उभी केली आणि टीम डायनॅमिक्स ही रेसिंग टीमही. मुलगा त्या टीममधून धावला, हे खरंच आहे. वडिलांनी दार उघडून दिलं नसतं तर मॅट नील बीटीसीसीत आलाच नसता, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मोटर रेसिंगमध्ये बहुतेकांना कोणीतरी दार उघडून द्यावंच लागतं.

पण दावा तेवढ्यावर थांबत नाही. बापाची टीम म्हणजे आयतं ताट, असं तो सुचवतो. इथेच तो चुकतो. चाकं बनवणाऱ्या कंपनीची टीम आणि मोटारी बनवणाऱ्या कंपनीची टीम यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. १९९०च्या दशकातल्या सुपर टुरिंग (हे बीटीसीसीच्या त्या काळच्या नियमांचं नाव) गाड्या नावापुरत्या घरगुती सलून होत्या. दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन, त्याला ८,५०० आरपीएमची मर्यादा, आणि त्या मर्यादेच्या आत राहून एकेक हॉर्सपॉवर काढण्यासाठी कंपन्या कोट्यवधी ओतत होत्या. फॅक्टरी टीमला नवं इंजिन, नवी सस्पेन्शन भूमिती, टायर कंपनीशी थेट संबंध आणि भरपूर चाचणी-दिवस मिळायचे. खासगी टीमला त्यातलं मिळायचं ते एक-दोन वर्षांनी, फॅक्टरीने वापरून सोडल्यावर. अशा टीममध्ये मुलाला बसवणं म्हणजे त्याला ग्रिडच्या मागच्या अर्ध्यात बसवणं.

आणि तो त्या मागच्या अर्ध्यात वर्षानुवर्षं राबला. १९९३ला बीएमडब्ल्यूमध्ये, १९९५ला फोर्ड माँडिओमध्ये तो खासगी ड्रायव्हरांच्या स्पर्धेचा विजेता ठरला. त्यानंतर १९९९ आणि २०००मध्येही, निसान प्रिमेरा घेऊन. लाडाचा मुलगा हौस म्हणून दोन मोसम चालवतो आणि कंटाळून निघून जातो. इथे तर दहा वर्षं फॅक्टरी गाड्यांच्या धुरात घालवलेली दिसतात.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट विसरली जाते. २००२मध्ये तो वडिलांच्या टीमबाहेर, एग:स्पोर्ट टीमच्या व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा कूपेमध्ये धावला. २००३मध्ये होंडाच्या फॅक्टरी सिव्हिकमध्ये, आणि ती टीम चालवत होती अरीना मोटरस्पोर्ट. दोन्ही मोसमांत त्याने शर्यती जिंकल्या. बाप नसलेल्या गॅरेजमध्ये त्याचा वेग गेला नाही.

आता डॉनिंग्टन. १९९९च्या मोसमाच्या सुरुवातीला डॉनिंग्टन पार्कवर नीलने प्रिमेरा पहिली आणली. सुपर टुरिंगच्या काळात खासगी ड्रायव्हरने फॅक्टरी गाड्यांना हरवून शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अ‍ॅलन गाऊ यांच्या टोका या आयोजक कंपनीने असं करून दाखवणाऱ्या खासगी ड्रायव्हरसाठी अडीच लाख पौंडांचं बक्षीस लावलं होतं. ते नीलने नेलं. एवढं मोठं बक्षीस कधी लावतात? जे सहसा होत नाही त्यासाठीच.

“लॉटरी” म्हणणाऱ्यांनी त्या वर्षीचा ग्रिड एकदा डोळ्यांसमोर आणावा. सहा कंपन्यांच्या फॅक्टरी टीम: निसान, व्होल्वो, रेनो, होंडा, फोर्ड आणि व्हॉक्सहॉल. निसानमध्ये लोराँ आयेलो, जो आदल्याच वर्षी पोर्शेमधून ले मान्सचा विजेता ठरला होता, आणि जो याच मोसमात बीटीसीसीचा विजेता होणार होता. त्याच्या जोडीला डेव्हिड लेस्ली. व्होल्वोत १९९८चा विजेता रिकार्ड रुडेल. फोर्डमध्ये १९९७चा विजेता आलँ मेनू आणि अँथनी रीड. व्हॉक्सहॉलमध्ये दोनदा विजेता ठरलेला जॉन क्लेलंड आणि तरुण इव्हान म्युलर. रेनोमध्ये जेसन प्लेटो आणि फॉर्म्युला वनमधून आलेला जाँ-क्रिस्तोफ बुलियाँ. होंडात जेम्स थॉम्पसन. या मंडळींच्या पुढे राहून पहिला झेंडा घेणं ही लॉटरी असेल, तर ते तिकीट बाकीच्या खासगी ड्रायव्हरांनाही दर शर्यतीला मिळत होतं. त्यांचं कोणाचं लागलं नाही.

“पण गाडी चांगली होती ना?” हो, होती. फॅक्टरीने आदल्या वर्षी वापरलेली प्रिमेरा होती ती, आणि १९९८ला निसानने उत्पादकांचं विजेतेपद मिळवलं होतं. पण त्याच ट्रॅकवर निसानच्या स्वतःच्या टीमकडे त्याहून नवी प्रिमेरा होती. ती चालवणाऱ्याला मोसमाच्या शेवटी मुकुट मिळाला. जुन्या गाडीने नव्या गाडीला मागे टाकायचं, तर फरक ड्रायव्हरलाच भरून काढावा लागतो.

हा फरक कुठे भरला जातो, ते डॉनिंग्टनवरच नीट दिसतं. रेडगेट वळण संपलं की रस्ता हॉलीवूड नावाच्या भागावरून खाली उतरतो आणि क्रेनर कर्व्हज या सलग वळणांमध्ये शिरतो. लांब उतार, गाडी पूर्ण वेगात, आणि पुढची चाकं एकाच वेळी दोन कामं करतायत: ओढणं आणि वळवणं. इथे भीतीने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलला की वजन पुढे झुकतं, मागचा भाग हलका होतो आणि गाडी मागून सुटायला लागते. पाय दाबूनच ठेवला तर ती बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद असते. चांगला ड्रायव्हर तिथे स्टिअरिंग ओढाताण करून फिरवत नाही. पायाच्या दाबातल्या बारीक बदलाने तो मागचा भाग हवा तेवढाच फिरू देतो, आणि खाली ओल्ड हेअरपिन या वळणाच्या ब्रेकिंगला गाडी सरळ करून पोचतो. जुन्या शर्यती बघताना मी नीलच्या गाडीकडे याच जागी बघतो. तब्बल साडेसहा फूट उंचीचा माणूस त्या सलूनमध्ये दुमडून बसलेला असतो, आणि उतारावरून जाणारी गाडी मात्र बिलकुल घाबरलेली दिसत नाही.

तिसरा आरोप मला सगळ्यात जास्त टोचतो: कंपन्या गेल्यावरची मोकळी मैदानं. सुपर टुरिंगचा खर्च डोईजड झाल्यावर कंपन्या बाहेर पडल्या, हे खरं. २०००मध्ये तीनच उरल्या होत्या. पण २००५चं मैदान मोकळं होतं म्हणणाऱ्याने आधी हे बघावं: २००१ला प्लेटो, २००२ला थॉम्पसन, २००३ला म्युलर, २००४ला पुन्हा थॉम्पसन. चारही विजेतेपदं व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा कूपेची. सलग चार वर्षं एकाच कंपनीची सत्ता. २००५मध्ये व्हॉक्सहॉलने नवी अ‍ॅस्ट्रा आणली आणि तिच्या स्टिअरिंगवर म्युलर होता, जो पुढे जागतिक टुरिंग कार स्पर्धेचा चार वेळा विजेता झाला. समोर सीआट या स्पॅनिश मोटार कंपनीची फॅक्टरी टीम, तिच्यात प्लेटो.

या सगळ्यांसमोर नीलने काय आणलं? होंडा इंटेग्रा टाइप आर. त्या पिढीची इंटेग्रा होंडाने ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकलीच नव्हती. त्याची टुरिंग कार टीम डायनॅमिक्सने आपल्याच गॅरेजमध्ये घडवली. कंपनीने बांधून दिलेली गाडी नाही, कंपनीचा कार्यक्रम नाही. वर नाव प्रायोजक हॅलफर्ड्सचं. त्या गाडीने म्युलरला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून २००५चं विजेतेपद घेतलं. सहकारी डॅन ईव्हजने त्याच वर्षी थ्रक्स्टनवर एका दिवसातल्या तिन्ही शर्यती जिंकल्या, म्हणजे गाडी किती नीट बांधली होती ते कळतं. थ्रक्स्टन हा ब्रिटनमधला सगळ्यात वेगवान ट्रॅक, डांबर खरबरीत, टायर खाणारं. तिथे सेटअप चुकला की शेवटच्या फेऱ्यांत टायर हात टेकतात.

आणि २००६? प्लेटो सीआटमध्ये, थॉम्पसनही सीआटमध्ये, व्हॉक्सहॉलमध्ये इटलीहून आलेला फाब्रिझिओ जिओव्हानार्दी, ज्याने पुढची दोन विजेतेपदं घेतली. त्या वर्षी दुसरा प्लेटो. विजेता पुन्हा नील, पुन्हा इंटेग्रात. दोन वर्षांत त्याने म्युलर, प्लेटो, थॉम्पसन आणि जिओव्हानार्दी या चौघांना मागे टाकलं. या चार जणांना “उरलेसुरले” म्हणायला धाडस लागतं.

नियमांचा मुद्दा मात्र थोडा खोलात जाऊन बघायला हवा, कारण त्यात अर्धसत्य आहे. त्या काळात बीटीसीसीत दोन प्रकारच्या नियमांच्या गाड्या एकत्र धावत होत्या: बीटीसीसीच्या स्वतःच्या जुन्या नियमांच्या आणि आंतरराष्ट्रीय सुपर २००० नियमांच्या. इंटेग्रा पहिल्या प्रकारची, सीआट दुसऱ्या. दोन्ही प्रकार तंतोतंत समान करणं कधीच शक्य नव्हतं, त्यामुळे कुरबूर व्हायची. पण व्हॉक्सहॉलची अ‍ॅस्ट्राही इंटेग्राच्याच नियमांची होती. नियमांमुळे सोय झाली असेल तर ती म्युलरचीही झाली. तरी तो दुसरा आला.

शिवाय बीटीसीसीत जिंकणाऱ्याला जिंकण्याची किंमत मोजावी लागते. त्या काळी शर्यतीत वर आलं की पुढच्या शर्यतीसाठी गाडीत शिशाचं वजन बसवायचे, सहसा प्रवाशाच्या बाजूला, जमिनीला बोल्ट लावून. ते वजन ब्रेकला जाणवायचं, पुढच्या टायरना जाणवायचं, वळणातून बाहेर पडताना जाणवायचं. दिवसाच्या तिसऱ्या शर्यतीला ग्रिडचा वरचा भाग उलटा लावतात, म्हणजे पुढचे मागे. ही सगळी रचनाच मुळी एकाच ड्रायव्हरला सतत जिंकू न देण्यासाठी आहे. अशा मोसमात विजेतेपद नुसत्या वेगावर मिळत नाही. जड गाडी घेऊन पाचवा-सहावा येऊन गुण गोळा करणं, वीस गाड्यांच्या गर्दीत बंपर न गमावता वाट काढणं, हे ज्याला जमतं तोच वर्षाअखेरीस वर असतो. आणि हेच कौशल्य नीलने खासगी टीमच्या त्या मागच्या रांगांमध्ये कमावलेलं होतं.

उरलं २०११. इथे मी मान्य करतो: ते खासगी ड्रायव्हरचं विजेतेपद नव्हे. तेव्हा टीम होंडाची अधिकृत होती आणि सिव्हिकमध्ये टर्बो इंजिन होतं. टर्बो गाड्यांना त्या मोसमात फायदा मिळतो, यावरून पॅडॉकमध्ये, म्हणजे टीमच्या तळावर, बराच वाद झाला. प्लेटोशी नीलचं रॉकिंगहॅम ट्रॅकवर क्वालिफायिंगनंतर (ग्रिडचा क्रम ठरवणाऱ्या फेरीनंतर) भांडणही झालं, आणि ते दोघांनाही शोभण्यासारखं नव्हतं. टर्बोचा फायदा मुळीच नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तोच टर्बो आणि तीच सिव्हिक सहकारी गॉर्डन शेडनकडेही होती, आणि शेडन काही किरकोळ ड्रायव्हर नव्हता. २०१२, २०१५ आणि २०१६चा विजेता तो. २०११मध्ये तो नीलच्या मागे, दुसरा राहिला.

आणि २०११ फॅक्टरीचं म्हणून २००५, २००६ला खोडता येत नाही. उलट या वर्षांचा क्रम बघा. २००५ला नीलने व्हॉक्सहॉलची सलग चार वर्षांची सत्ता मोडली. तीन वर्षांनी, २००८साठी, त्याच व्हॉक्सहॉलने त्याला आपल्या फॅक्टरी टीममध्ये घेतलं. ज्याच्याकडून हरलो तो बेताचा आहे असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी त्याच्याशी करार केला नसता. व्हॉक्सहॉलमधली दोन वर्षं त्याला विजेतेपद देऊन गेली नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. मग २०१०मध्ये तो परत आला तेव्हा टीम डायनॅमिक्स होंडाची अधिकृत टीम म्हणून उतरली. ज्या गॅरेजमध्ये जपानी कूपेला हाताने टुरिंग कार बनवलं होतं, त्याच गॅरेजकडे गाडी बनवणारी कंपनी आपलं नाव आणि आपल्या गाड्या घेऊन आली.