*.* म्हणजे ‘सगळ्या फायली’ नव्हे

मराठवाड्यातील संगणक-चालकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे : “विंडोज असो की लिनक्स, *.* लिहून कॉपी केले की फोल्डरमधले सगळे येते. एरर दिसली नाही म्हणजे काम झाले.” यातला एकही भाग खरा नाही, आणि त्यावर विसंबून लोक मूळ फायली पुसून टाकतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

मुळात तारांकनाचा (*) अर्थ दोन्हीकडे एकच घटक लावत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘कॉपी’ ही आज्ञा तारांकन जसेच्या तसे घेते आणि जुळणाऱ्या फायली स्वतः शोधते. लिनक्समध्ये हे काम शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आधीच उरकतो. ‘सीपी’ या तिथल्या कॉपीच्या आज्ञेच्या हाती फक्त नावांची यादी पडते. त्यामुळे ‘सीपी *.सीएसव्ही’ लिहून पुढे ठिकाण द्यायचे राहिले आणि जुळणाऱ्या फायली नेमक्या दोनच निघाल्या, तर पहिली फाईल दुसरीवर लिहिली जाते आणि दुसरीतला मजकूर जातो. हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो.

*.* चा अर्थ ‘सगळे’ हा विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीचा वारसा आहे. विंडोजमध्ये नावात टिंब नसलेली फाईलही त्यात येते, लिनक्समध्ये ती येत नाही. तिथे नुसते * दिले तरी टिंबाने सुरू होणारी नावे सुटतात. विंडोजची ‘कॉपी’ही लपवलेल्या फायली आणि आतले फोल्डर सोडतेच.

काहीच जुळले नाही तर लिनक्सवर सर्रास असणारा बॅश हा शेल ‘*.सीएसव्ही’सारखा तो नमुना तसाच पुढे पाठवतो, तर २०१९ पासून मॅकवर मूळचा असलेला झेडएसएच हा शेल आज्ञाच थांबवतो. मात्र थोडे जुळले आणि थोडे सुटले, तर एरर कुणीच दाखवत नाही.

अंबाजोगाईत आम्ही मोडी कागदपत्रांची छायाचित्रे लिनक्सवर उतरवत होतो. फोनच्या फायलींचे एक्स्टेन्शन लहान इंग्रजी अक्षरांत होते, कॅमेऱ्याच्या फायलींचे कॅपिटलमध्ये. विंडोज हा भेद मानत नाही, लिनक्स मानते. लहान अक्षरांतल्या ‘*.जेपीजी’ने फोनची सगळी छायाचित्रे आली, कॅमेऱ्याचे एकही आले नाही, आणि पडद्यावर एक अक्षरही उमटले नाही. कार्ड पुसण्याआधी सोबतच्या मुलीने दोन्हीकडच्या फायली मोजल्या, म्हणून ती पाने आज शिल्लक आहेत.