‘घर मोडणारे वकील’: एका फॉरवर्डचा पंचनामा

‘घटस्फोटाचे वकील संसार मोडून खातात. पोटगीत टक्का घेतात. फॅमिली कोर्टात वकिलांना बंदीच आहे, म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून मोकळे व्हा.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. त्यात अर्धसत्यं आहेत आणि एक सल्ला थेट धोक्याचा आहे.

आधी बंदीचं बघू. कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 नुसार तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, एवढं खरं. पण हक्क नसणं म्हणजे बंदी नव्हे. वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज देतात आणि तो बहुधा मंजूर होतो.

‘समेट होऊ देत नाहीत’ म्हणाल, तर समेटाचा प्रयत्न करणं याच कायद्याच्या कलम 9 ने कोर्टावरच टाकलंय. त्यासाठी समुपदेशक असतात. संमतीच्या घटस्फोटातही कायदा सहा महिने थांबायला सांगतो. योग्य प्रकरणात कोर्ट ती मुदत माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केलं. उगाच तारखा मागणारे वकील आहेतच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वकिलाकडे येणाऱ्या बहुतेकांचं नातं त्याआधीच तुटायला आलेलं असतं.

टक्केवारीचं उत्तर सोपं आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. कोणी मागितलाच तर राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

आता तो स्टॅम्पपेपर. नोटरीचा शिक्का घटस्फोट देत नाही. हिंदू विवाह कायद्यात समाजातल्या रूढीने होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. या कायद्याखालच्या बाकीच्यांचं लग्न शाबूतच राहतं. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर ते रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चार पैसे वाचवून हे ओढवून घ्यायचं?

शिवाय वकिलाचं खरं काम सहीच्या आधीच असतं. ‘बाप मुलाला भेटू शकेल’ हे वाक्य संमतिपत्रात वाचायला छान वाटतं, पण भांडण तिथूनच सुरू होतं. म्हणून नेमकं लिहावं लागतं, उदाहरणार्थ: दुसऱ्या-चौथ्या शनिवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. न्यायला कोण येणार, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, पासपोर्टच्या अर्जावर सही कोणाची, स्त्रीधनाची यादी कुठे जोडली, हे सगळं नीट लिहून घ्यावं लागतं. पोटगीच्या दाव्यात तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावी लागतात. पगारपत्रकात एक आकडा आणि बँकेच्या पासबुकात भलताच, हे हेरायला सरावलेली नजर लागते. कोर्टातल्या जोरदार भाषणांपेक्षा या वकिलांचा दिवस अशाच कागदांत जातो.

‘पण परवडत नाही’ ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर या फॉरवर्डमध्ये एक ओळही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, पुरुषांना सहसा उत्पन्नाच्या मर्यादेत. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा.